विहिरीत निघालेली नीळ

४ मार्च

वन्सं,

फोनवर मी भांडते, असं तुमचं म्हणणं. त्या म्हणण्याला सहा वर्षं झाली. म्हणून फोन केला नाही, कागद घेतलाय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, चष्मा लावून वाचा.

कामाचं सांगते. आपल्या गल्लीच्या विहिरीला काहीतरी झालंय. रिकामी बादली विहिरीच्या पंपाच्या नळाखाली ठेवली की साबण न घालताच कडेनं फेस धरतो. मी एकोणतीस वर्षं लाँड्री चालवतेय, फेसात हात घालून जगतेय. फुकटचा फेस म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको. शेजारच्या मास्तरीणबाईंच्या तान्ह्या नातीचं पोट आठवडाभर बिघडलेलं. विहिरीच्या आतल्या दगडांवर नेचे कसे हिरवेगार असायचे, आठवतंय? पिवळे पडले. आणि मागच्या ओढ्यात संध्याकाळी बेडूक असे ओरडायचे की तुमचे दादा रेडिओ मोठा करायचे. आता चिडीचूप. रेडिओचाच आवाज जास्त वाटतो.

काल पाणीखात्याच्या बाई आल्या. उंच, किडकिडीत, हातात वही. विहिरीत डोकावल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "२५ तारखेपर्यंत घाण कुठून येते ते शोधा आणि बंद करा. नाहीतर विहीर बुजवावी लागेल."

बुजवावी लागेल! बत्तीस घरं तिच्यावर जगतात. मी म्हटलं, "बाई, विहीर म्हणजे काय फाटकी उशी आहे, टाके घालून बंद करायला?" त्यांनी तेही वहीत लिहून घेतलं.

तुम्ही पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत आहात. सोबत बाटली पाठवतेय. औषधाची होती, पण काळजी नको, कडकडीत पाण्यात सोडा घालून पाच वेळा घासलीय. आरशासारखी चमकतेय. लवकर तपासा. माझ्याकडे वाट बघायला वेळ नाही.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

पाकीट दोनदा उलटसुलट करून पाहिलं, खरंच तुझंच आहे का म्हणून.

बाटली तपासली. तिच्यात इतका साबण निघाला की आमच्या साहेबांनी विचारलं, "हे पाणी विहिरीचं आहे की कुणाच्या धुण्याचं?" वहिनी, नमुन्याची बाटली साबणानं घासायची नसते. सोड्यानं तर नाहीच. तू पाच वेळा घासलीस म्हणून आम्ही तुझाच साबण मोजत बसलो. हा नमुना बाद.

सोबत दोन बंद बाटल्या पाठवतेय. विहिरीवर जाऊन उघडायच्या, विहिरीच्याच पाण्यानं तीनदा विसळायच्या, भरायच्या आणि झाकण लावायचं. बाकी काही करायचं नाही. तुला जड जाईल, पण नाही करायचं.

तोवर सगळ्यांना पिण्याचं पाणी दुसरीकडून आणायला सांग. उकळून भागेल असं समजू नका. उकळल्यानं जंतू मरतात, साबण जात नाही.

लाँड्रीमागचा तो हौद अजून तिथंच आहे का?

दादाचा खोकला कसा आहे?

तुझी नणंद


१२ मार्च

वन्सं,

हौद तिथंच आहे. हौद कुठं जाणार, त्याला काय पाय आहेत? खोकलाही तिथंच आहे.

बाटल्या भरल्या. दादांना शेजारी उभं केलं होतं, मी घासायला लागले तर हात धरायला. एकदा धरावा लागला.

आता सभेचं ऐका. मी घरोघरी जाऊन दारं बडवली आणि गल्ली विहिरीपाशी गोळा केली. एरवी कुणाला बोलावलं तर कुणाचं डोकं दुखतं, कुणाचे पाहुणे येतात. परवा सगळे आले! वरच्या माळ्यावरची आजी खुर्चीत बसून आली, दोघांनी उचलून आणली. मी ओट्यावर चढले. म्हटलं, "ज्याचं सांडपाणी विहिरीत जातंय तो सापडला की त्याच्या दाराला कुलूप. तो कुणीही असो. माझा सख्खा भाऊ असला तरी." आणि लाँड्रीचं मोठं कुलूप होतं ना, पितळी, नारळाएवढं, ते तिथंच ओट्यावर आपटून ठेवलं. कागद केला. पहिली सही माझी. इतकी दाबून केली की खालच्या कागदावर उमटली.

खालच्या अंगाला गाड्या धुणारा गॅरेजवाला आहे, ज्याला आपण पाना म्हणतो, तो मागून म्हणाला, "वहिनी, तुमच्या तोंडाला तोटी बसवली तर गल्लीला विहिरीची गरजच नाही." सगळे हसले. हसू देत. त्यानंही सही केली.

वन्सं, खरं सांगते, किती वर्षांत इतकं जिवंत वाटलं नव्हतं. माणसं एकमेकांना नावानं हाका मारत होती. लवकर कळवा.

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

या वेळी नमुना चोख होता. शाबास. निकालही चोख आहे: पाण्यात धुण्याच्या साबणाचा अंश आहे, आणि या वेळी तो बाटलीचा नाही. कुणाचं तरी धुण्याचं पाणी विहिरीत उतरतंय.

कुणाचं, ते इथं बसून मला सांगता येणार नाही. तिथं शोधता येईल आणि त्याचं सामान तुझ्याच घरात आहे. कपड्यांची नीळ. एकेका मोरीत बादलीभर दाट नीळ ओतायची आणि विहिरीत बघत बसायचं. मुरमातून आणि मातीतून नीळ गाळली जाते, ती विहिरीपर्यंत पोचत नाही. विहिरीत निळं दिसलंच, तर पाण्याला तिथं मोकळी वाट आहे, फुटका पाइप किंवा भगदाड, असं समज.

नीट वाच. सगळ्या मोऱ्या. एका दिवशी एकच. गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करायची आणि खाली यायचं. आणि त्या दिवशी विहिरीचं पाणी कुणी काढायचं नाही.

सगळ्या म्हणजे सगळ्या, वहिनी.

तुझी नणंद


२० मार्च, रविवार

वन्सं!!

सापडला! सापडला! आधी हे वाचा, मग चहा ठेवा.

धुण्याचं पाणी म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख झालं. गल्लीत बादल्या बादल्या फेस कोण करतं? पाना! दिवसाला वीस गाड्या धुतो, पाण्याची फवारणी करून फेसाचा डोंगर उभा करतो! मग वरपासून एकेक मोरी कशाला करत बसू? आठ मोऱ्यांना आठ दिवस जातील. सरळ त्याच्या मोरीपाशी गेले. तो म्हणाला, "ओता की. माझ्या मोरीला कुणी इतकं लाडानं बघितलं नव्हतं." ओतली. अख्खा डबा नीळ. सकाळी नऊ वाजता.

आणि मग अख्खी गल्ली विहिरीच्या काठाला लटकली. पोरांना मागं ओढता ओढता नाकी नऊ आले. मास्तरीणबाई घड्याळ घेऊन. आजी खुर्चीवरून ओरडतेय, "काय दिसतंय? अगं कुणीतरी सांगा, काय दिसतंय?" दहा वाजले, अकरा वाजले. पाना भिंतीला टेकून दात कोरत उभा.

साडेअकराला मास्तरीणबाई किंचाळल्या. वन्सं, पश्चिमेच्या भिंतीतून, दोन दगडांच्या फटीतून निळी रेघ उतरत होती! सुतासारखी. मग दोरीसारखी. मग पाण्यावर पदरासारखी पसरली. असा आरडाओरडा झाला की ओढ्यापलीकडची माणसं धावत आली, कुणी पडलं का म्हणून. मी तर नाचले. पन्नाशीला आलेली बाई, पण नाचले.

पाना पांढराफटक पडला. म्हणाला, "असं कसं होईल?" मी म्हटलं, "असंच झालंय, डोळे आहेत ना?" कुलूप उचललं आणि त्याच्या दाराला घातलं. त्यानं अडवलं नाही. सही केली होती ना. शुक्रवारी पाणीखात्याच्या बाई येऊन मोहोर लावतील आणि विहीर वाचली!

तुमच्या निळीनं वाचली, वन्सं. सगळ्यांना सांगितलं मी, माझी नणंद आहे म्हणून.

पत्र टाकायला पळते.

वहिनी


२३ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचताना मी खुर्चीवर उभी राहायचीच बाकी होते. पण दोन गोष्टी विचारते, रागावू नकोस.

गॅरेज विहिरीच्या खालच्या अंगाला आहे. लहानपणी तिथून विहिरीपर्यंत रिकामी कळशी घेऊन चढ चढतानाही माझे पाय तुटायचे. मग त्याच्या मोरीतलं पाणी चढ चढून वर कसं आलं?

आणि रेघ पश्चिमेच्या भिंतीतून उतरली म्हणतेस. पश्चिमेला काय आहे?

तुझी नणंद


२६ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र काल, शुक्रवारी सकाळी आलं. पश्चिमेला काय आहे ते मला रविवारीच कळलं होतं.

सगळं सांगते. मध्ये थांबून विचार करायला लागले तर लिहिणार नाही.

रविवारी तुम्हाला पत्र टाकून घरी आले. दादा जेवायला बसले नव्हते. हात मांडीवर ठेवून बसलेले. हात कोपरापर्यंत निळे. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाले, "तुझ्या वन्संनी लिहिलं होतं, सगळ्या मोऱ्या, वरून खाली. वरची पहिली मोरी आपली. ती तू सोडलीस. मी सकाळी साडेदहाला ओतली."

मी म्हटलं, "मग?"

म्हणाले, "मग साडेअकराला आली."

वन्सं, मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. मुक्यासारखे बसलात, सगळ्यांसमोर का नाही बोललात, असंही बोलले. ते म्हणाले, "तू नाचत होतीस." एवढंच. या माणसाबरोबर एकतीस वर्षं काढलीत मी.

तरी माझं मन मानेना. सोमवारी पहाटे कुणी उठायच्या आत मी एकटीनं आपल्या मोरीत नीळ ओतली आणि विहिरीवर जाऊन बसले. एका तासात आली. पश्चिमेच्याच भिंतीतून. हौदाच्या बाजूनं.

आणि मग मी गप्प बसले. मी! सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. मशीन बंद ठेवलं, एक चादर भिजवली नाही, ज्या दवाखान्याच्या चादरी धुते त्यांना सांगितलं, अंगात ताप आहे. पाना बंद दारासमोर उलट्या बादलीवर बसलेला दिसायचा. येणाऱ्या गाड्यांना हात हलवून परत पाठवायचा. दोनदा मला म्हणाला, "वहिनी, तब्येतीला जपा." शिव्या दिल्या असत्या तर मी सुखानं झोपले असते.

काल तुमचं पत्र आलं. तुम्ही कुठं काय म्हटलंय, नुसतं विचारलंय, पश्चिमेला काय आहे. पण मी ते हातात घेऊन हौदावर बसले आणि तिथून विहिरीपर्यंत पावलं मोजली. अकरा.

अकरा, वन्सं. सहा वर्षांपूर्वी तुम्ही इथं उभ्या राहून हेच म्हणाला होतात. "वहिनी, इथं हौद बांधू नकोस, विहीर अकरा पावलांवर आहे." आणि मी म्हटलं होतं, "चार बुकं शिकलात म्हणून मला धुणं शिकवू नका." आणि तुम्ही बॅग भरलीत.

दुपारी पाणीखात्याच्या बाई मोहोर घेऊन आल्या. सगळी गल्ली गॅरेजपुढं. आजी खुर्चीत. बाईंनी विचारलं, "याचंच पाणी आहे ना?" सगळे माझ्याकडं बघायला लागले, मी काय ओरडते ते ऐकायला.

मी पुढं झाले, किल्ली काढली आणि पान्याच्या दाराचं कुलूप उघडलं. बाई म्हणाल्या, "अहो, हे काय करताय?" मी म्हटलं, "चुकीच्या दाराला लावलं होतं." आणि वर चालत गेले. सगळे माझ्यामागून. लाँड्रीचं दार ओढलं आणि माझ्याच हातानं, माझंच कुलूप. म्हटलं, "नीळ माझी, पाणी माझं, सही पहिली माझी. लिहा वहीत."

मागून आजीचा आवाज आला, "काय झालं? अगं कुणीतरी सांगा, काय झालं?"

आणि पाना हसला. त्याला आवरेना, पोट धरून हसला. म्हणाला, "वहिनी, पाच दिवस मी माझ्या मोरीला विचारत होतो, तू चढ चढायला कधी शिकलीस?" मग तो आत गेला आणि लांब पहार घेऊन आला. "चला, बघू तरी कुठून गळतंय."

वन्सं, बाई वहीत लिहीत होत्या आणि इकडं अख्खी गल्ली माझा हौद फोडत होती! पहिला घाव मी घातला. घण जड होता, पण घातला. दादा इस्त्रीवाले, आयुष्यात फावडं धरलं नाही, ते पाट्या उचलत होते. खाली पाइप निघाला. हौदाच्या वजनानं मधोमध मोडलेला, आणि तिथून विहिरीच्या भिंतीपर्यंत हात जाईल एवढी पोकळ वाट. सहा वर्षांचं धुणं तिच्यातून गेलं. मास्तरीणबाईंनी त्यात बोट घातलं आणि वास घेतला. मग माझ्याकडं बघितलं. ते बघणं मी विसरणार नाही.

बाईंनी विहिरीला महिन्याची मुदत दिली. पाणी तीनदा उपसायचं, पाइप काढायचा, पुन्हा नमुना द्यायचा. तो चांगला आला तर विहीर राहील. नाही आला तर बुजवणार.

आता एक विचारते. तुम्हाला पहिल्या बाटलीपासून माहीत होतं ना?

वहिनी


३० मार्च

वहिनी,

हो.

माहीत नव्हतं, पण वाटत होतं. म्हणून हौदाचं विचारलं. म्हणून "सगळ्या मोऱ्या" दोनदा लिहिलं. सरळ लिहिलं असतं तर तू पत्र फाडलं असतंस आणि सहा वर्षांची बारा झाली असती. तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहावंस, असं वाटलं. त्यात पाच दिवस एका माणसाचं दार बंद राहील, याचा विचार मी केला नाही. त्याला माझ्याकडून सांग, चूक माझीही आहे.

आता नवं बांधकाम करताना माझं ऐकणार असशील तर सांगते. सांडपाणी विहिरीपासून लांब, खालच्या अंगाला न्यायचं. आधी एक खड्डा, गाळ बसायला. मग खडी भरलेला लांब चर, त्यात कर्दळ लावायची. मुळं पाणी बरंच निवळून काढतात. गॅरेजचंही त्याच चराला जोडता येईल, फक्त त्याआधी तेल अडवायला त्याला वेगळी टाकी हवी. ओढ्यातले बेडूक कुणाच्या साबणानं गेले आणि कुणाच्या तेलानं, ते आता मोजत बसू नका.

दादाला म्हणावं, हात निळे झाले तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला.

तुझी नणंद


१७ एप्रिल

वन्सं,

श्वास घ्यायला फुरसत नाही, म्हणून थोडक्यात.

चर झाला! बावीस पावलं लांब. पान्यानं आखणी केली, सुतळी धरून, जणू रस्ता बांधतोय. त्याच्या टाकीत पहिल्याच आठवड्यात बादलीभर काळं तेल साठलं. ते बघून त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं आता मी हसावं. हसले. मग म्हणाला, "हसा, हसा. तुमची वाट अकरा पावलांची, माझी ओढ्यापर्यंत होती." कर्दळ मास्तरीणबाईंनी आणली. मुलांनी एकेक कंद लावला, एक आजीच्या नावानंही, आणि प्रत्येक कंदाशेजारी काडी खोचली. आता रोज येऊन मोजतात कुणाचा वर आला. आजीचा सगळ्यात आधी आला. ती खुर्चीतून उतरत नाही, पण तिचा आला!

विहीर तीनदा उपसली. शेवटच्या वेळी तळ दिसला आणि तळाशी माझी पितळी वाटी सापडली, लग्नातली, किती वर्षांपूर्वी पडलेली. दादा म्हणाले, "मीच पाडली होती." आज सांगतात!

सोबत बाटली आहे. धुतलेली नाही. तीनदा विसळली, भरली, झाकण लावलं. हात धरायला कुणी नव्हतं.

आणि बाटलीला दोऱ्यानं एक किल्ली बांधलीय. ती लाँड्रीची. अजून कुलूप काढलेलं नाही. पाणीखात्याच्या बाई म्हणाल्या, काढायला हरकत नाही, चर पास झालाय. दवाखान्याचे लोक रोज विचारतात. पण मी गल्लीला सांगितलंय, विहीर राहतेय की बुजतेय ते कळल्याशिवाय मी चादर भिजवणार नाही. आणि राहणार असेल, तर कुलूप उघडायचा मान जिचं मी ऐकलं नाही तिचा. निकाल वाईट आला तर किल्ली टाकून द्या.

नवा हौद अजून बांधलेला नाही. कुठं बांधायचा ते दाखवायला माणूस लागेल.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

निकाल पाणीखात्याला काल रीतसर गेला. तुला मी सांगते: साबण नाही. तेल नाही. दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा आकडा दिसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं आणि नीट दिसेना. साहेबांनी विचारलं, "कुणाची विहीर?" मी म्हटलं, "आमची."

एक महिना तरी दर आठवड्याला नमुना पाठव. चांगलं पाणी एकदा आलं म्हणजे कायमचं आलं असं नसतं.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. रविवारी सकाळच्या गाडीनं येतेय. सहा वर्षांनी येतेय, तेव्हा तेवढी कळ काढ. तुझा स्वभाव मला माहीत आहे. कुलूप फोडू नकोस.

तुझी नणंद


२४ एप्रिल

वन्सं,

हे पत्र तुम्हाला तुमच्या दारात मिळणार नाही, कारण तुम्ही निघालेल्या असाल. दादांच्या हाती स्टँडवर पाठवतेय, उतरल्या उतरल्या वाचा.

पाणीखात्याच्या बाई काल निकाल घेऊन आल्या. वही मिटली, नळाखाली ओंजळ धरली आणि प्यायल्या. आजीला या वेळी कुणी सांगावं लागलं नाही, ती पुढंच बसली होती. मास्तरीणबाईंनी नातीसाठी त्याच नळाची कळशी भरली. माझ्याकडं बघितलंही. या वेळचं बघणं वेगळं होतं.

अख्खी गल्ली लाँड्रीच्या दारात तुमची वाट बघतेय. दवाखान्याच्या चादरींचे चार गठ्ठे पायरीवर. काल संध्याकाळी ओढ्यातून एक बेडूक ओरडला. एकच, पण बेसूर आणि रग्गड मोठ्यानं. दादांनी रेडिओ वाढवला नाही. बंद केला.

कुलूप फोडलेलं नाही. पान्यानं सकाळी पहार दाखवली, "उघडू का?" म्हणाला. मी त्याच्या हातावर मारलं.

पण आता रमतगमत येऊ नका. पाय उचला.

वहिनी